राखलेली खुर्ची

१

ऑड्राला रात्रभर झोप लागली नाही, ती पिप कुठे मुतणार या काळजीनं.

काळजी हसण्यासारखी होती आणि ते तिचं तिलाही कळत होतं. बालविकासातली पदवी घेतलेली, गावच्या शाळेत उशिरा बोलायला लागलेल्या मुलांना बोलतं करणारी शहाणीसुरती बाई पहाटेपर्यंत छताकडे बघत विचार करतेय कशाचा, तर कुत्र्याच्या मुतण्याचा. पण पिप साधा कुत्रा नव्हता. मांजराएवढा जीव, कुणीतरी हमरस्त्याच्या कडेला सोडून दिलेला. माणूस दिसलं की खुर्चीखाली, आवाज झाला की पलंगाखाली. कुणी बघत असेल तर तो मुतायचाच नाही. पोटाला तडस लागली तरी थरथरत उभा राहायचा. घरात त्याला ऑड्रा जेमतेम चालायची, तिचा नवरा क्लेटन मुळीच नाही. आणि फर्न मात्र पूर्ण. त्यांची पाच वर्षांची लेक फर्न दिसली की हा पोट जमिनीला टेकवून, शेपटीनं फरशी झाडत, सरपटत तिच्याकडे यायचा. तसं तो जगात दुसऱ्या कुणासाठी करत नसे.

आणि असल्या प्राण्याला घेऊन लास व्हेगसला जायचं!

क्लेटन एसी बसवायची कामं करायचा. त्या धंद्यातल्या लोकांचं संमेलन दर उन्हाळ्यात व्हेगसला भरायचं. यंदा त्याच्या आईनं फोन केला. नोरीन तिचं नाव. विधवा झाल्यापासून ती किंगमनहून बस पकडून व्हेगसला जायची आणि जुगाराच्या मशीनपुढे बसायची. देवळात जावं इतक्या नेमानं.

“सगळे या. खोली फुकट आहे,” नोरीन म्हणाली. “आयुष्य घातलंय मी त्या हॉटेलात. हत्ती आणला तरी नाही म्हणायचे नाहीत, तुमच्या त्या उंदराचं काय घेऊन बसलात! आणि फर्नला मी सांभाळीन. तू जरा पाय पसरून बस, पोरी.”

ऑड्रानं ओठ चावला. नोरीननं आजवर मन लावून सांभाळलेली एकच गोष्ट होती, मशीनपुढची खुर्ची.

हे ती क्लेटनला बोलूनही दाखवणार होती. पण मग तो म्हणाला असता, तुला माझी आई आवडतच नाही. आणि ते खरं असल्यामुळे वाद तिथेच संपला असता.

२

हॉटेलात पाऊल टाकल्याबरोबर तिचा राग सुरू झाला तो उतरलाच नाही.

बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला. पिपच्या पंजांना चटके बसू नयेत म्हणून तिनं त्याला चिमुकले रबरी बूट घातले होते आणि त्या बुटांत तो खिळे ठोकल्यासारखा उभा होता. आत बर्फासारखी थंडी, कसलासा गोडसर वास, आणि घंटांचा एकसारखा किणकिणाट. लिफ्टकडे जायचं तर जुगाराच्या दालनातून. जेवायला जायचं तर दालनातून. कुत्र्यासाठी मागच्या अंगाला प्लास्टिकच्या गवताचा एक तुकडा ठेवला होता, तिथे जायचं तरी दालनातूनच. मध्ये संगमरवरी फरशीची वाट होती, दोन्ही बाजूंना लाल गालिचा, आणि गालिच्यावर मशीनच्या रांगा.

फर्न थबकली. समोरच्या मशीनवर सोनेरी मासे पोहत होते.

“मॅडम, मुलीला घेऊन थांबू नका,” कोट घातलेला एक दांडगा रखवालदार म्हणाला. “लहान मुलांनी फरशीवरून जायचं, चालत राहायचं. गालिच्यावर पाय नाही.”

“ती थांबलेली नाही, ती बघतेय.”

“बघताना चालत राहायचं.”

“पाच वर्षांची आहे हो ती! जुगार खेळणार आहे का?”

“कायदा आहे, मॅडम. चालत राहा.” त्याचा आवाजही न चढलेला. राग न येणाऱ्या माणसांचा ऑड्राला भयंकर राग यायचा.

नोरीन दालनाच्या मध्यावर होती, फरशीपासून हाताच्या अंतरावर. तिनं वळून न पाहताच हात हलवला. “आलात? फर्न, राणी, आजीला लांबूनच पापी दे. ह्यांच्या नियमांना आग लागो.” मग ती गुडघे धरत उठली. “आता आलेच आहात तर मी जरा जाऊन येते. केव्हाची दाबून धरलीये. तुमच्या कुत्र्यासारखी.”

उठल्यावर तिनं खुर्ची पुढे कलंडवली, तिची पाठ मशीनला टेकवली आणि वर आपली हातपिशवीही न ठेवता चालू लागली.

“आजी, खुर्ची पडली,” फर्न म्हणाली.

“पडली नाही, राखली. कलती खुर्ची म्हणजे माणूस परत येणार. इथे लोक तुझा खिसा कापतील, नवरा पळवतील. पण कलती खुर्ची कुणी सरळ करणार नाही.” एवढं सांगून ती गेली.

आणि खरंच, एक जाडगेला माणूस मशीनकडे आला, खुर्ची पाहिली, आणि देवाला वळसा घालावा तसा वळसा घालून पुढे गेला.

“मॅडम,” रखवालदार म्हणाला.

“चालतोय!” ऑड्रा ओरडली. पिप तिच्या काखेत थरथरत होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी फर्नचा पिवळा स्वेटर सापडेना.

ऑड्रानं बॅग उपसली, पलंगाखाली वाकली, न्हाणीघरात पाहिलं. क्लेटन गळ्यात संमेलनाचं ओळखपत्र अडकवून कधीच निघून गेला होता. फर्न अंगावर नुसता बिनबाह्यांचा झगा घालून, गुडघ्यावरची खपली खाजवत कुडकुडत होती आणि पिप दारापाशी अंग आखडून उभा होता, म्हणजे घाई होती.

“स्वेटर कुठे टाकलास?”

“आजीकडे.”

“आजीकडे कसा?”

“काल आजीनं मागितला.”

दालन सकाळीही तसंच होतं. तिथे सकाळ आलेलीच नव्हती. फर्नचं मनगट धरून, पिपला ओढत ऑड्रा फरशीवरून निघाली, आणि मध्यावर आल्यावर तिला पिवळा रंग दिसला.

नोरीन खेळत होती. तिच्या शेजारच्या मशीनपुढची खुर्ची कलती होती आणि खुर्चीच्या पाठीवर फर्नचा स्वेटर घातला होता. नुसता टाकला नव्हता, घातला होता. खांदे खांद्यांवर, बाह्या दोन्ही बाजूंना.

“नोरीन, हे काय आहे?”

“सुप्रभात तुलाही. अगं, शेजारी कुणीतरी येऊन सिगरेटी फुंकत बसतं, माझं नशीब धुरकटतं. म्हणून राखून ठेवली. नुसती कलती करून भागत नाही, कपडा टाकला की कसं, पक्कं होतं.”

“माझ्या मुलीचा कपडा?”

“मग माझा टाकू? मला थंडी वाजते.” नोरीन खदखदून हसली. “कुणी विचारलं तर सांगते, माझ्या नातीची जागा आहे. एकवीस वर्षांची झाली की येऊन बसेल. लोक हसतात आणि जातात. एकीनं मात्र नीट चौकशी केली. कुणासाठी? म्हटलं, नातीसाठी. नाव काय तिचं? म्हटलं, फर्न. मग म्हणाली, बरं, वाट बघते.”

“कोण एकीनं?”

“मी काय मान वळवून बघते का? माझ्या मशीनची चाकं फिरत होती. इथून आला आवाज.” नोरीननं आपल्या कोपराकडे बोट दाखवलं. बसल्या माणसाच्या कोपराकडे.

“स्वेटर द्या इकडे.”

“कशाला, आता जागा पक्की झालीये ती...”

“द्या म्हणते ना!”

घंटांच्या किणकिणाटातही चार डोकी वळली. नोरीननं तोंड वाकडं केलं, उठून स्वेटर काढला आणि गालिच्यावरून फरशीकडे फेकला. ऑड्रानं तो झेलला.

तो ऊबदार होता.

कपाटातून काढलेला नव्हे, अंगातून काढलेला कपडा असतो तसा. काखांपाशी जास्त. मशीन तापतात, तिनं स्वतःला सांगितलं; एवढे दिवे, एवढ्या तारा, तापणारच. मग तिनं उगाच पलीकडच्या मशीनला हात लावून पाहिला. ते गार होतं. पण एका मशीनवरून काय ठरतं?

मग तिला पट्टा ढिला पडल्याचं जाणवलं. पिप जमिनीवर पोट टेकवून पडला होता, तोंड त्या कलत्या खुर्चीकडे. त्याची शेपूट हलत होती. सावकाश, फरशी झाडल्यासारखी.

“मॅडम,” मागून आवाज आला. “मुलीला घेऊन...”

४

दुपारी क्लेटन सँडविच घेऊन खोलीवर आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं आधी खारवलेली काकडी संपवली.

“म्हणजे आईनं खुर्चीवर स्वेटर टाकला.”

“माझ्या मुलीचं नाव कुणालाही सांगितलं, क्लेटन.”

“आपल्या मुलीचं.”

“आपल्या! कुणाला सांगितलं तेही तिला माहीत नाही. नातीचं नाव कुणी विचारलं हे बघायला तिला मान वळवता आली नाही!”

“म्हातारी आहे गं. आणि तू रात्री झोपली नाहीस. कुत्रा मुतला का शेवटी?”

“नाही.”

“बघ. म्हणून तू अशी झालीयेस. त्याला मोकळं व्हायला ने, तूही होशील.” तो हसला. त्याचं म्हणणं मायेचं होतं, आणि त्यानंच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं खरं दुखणं तो शेंगदाण्याच्या टरफलासारखं फुंकून टाकायचा आणि वर, मी तुला हसवायला बघत होतो म्हणायचा.

पण खरं दुखणं कोणतं? हे तिलाही धड सांगता आलं नसतं. स्वेटर ऊबदार होता? कुत्र्यानं शेपूट हलवली? शाळेत एखादी आई असं काही सांगत आली असती तर ऑड्रानंच मान डोलवून म्हटलं असतं, तुमचा थकवा मी समजू शकते.

तो परत गेल्यावर तिनं तोंडावर पाणी मारलं. न्हाणीघरातल्या हवेच्या जाळीतून खालच्या घंटा अगदी बारीक ऐकू येत होत्या. मग त्या थांबल्या, आणि त्या कधी थांबत नाहीत हे लक्षात येईपर्यंत पुन्हा सुरू झाल्या. ती बाहेर आली. फर्ननं टेबलापुढची खुर्ची पुढे कलंडवून टेबलाला टेकवली होती आणि तिच्यावर आपला पिवळा स्वेटर चढवत होती. खांदे खांद्यांवर. जीभ बाहेर काढून, मन लावून.

“काय करतेस?”

“राखतेय.”

“कुणासाठी?”

“माझ्यासाठी. म्हणजे मला सारखं चालावं नाही लागणार. तिथे माझी जागा आहे, मम्मी. खरंच आहे. मी...”

“सरळ कर ती! आत्ता! ऐकू येतंय का तुला? सरळ कर!”

आवाज भिंतींवर आपटून परत आला. पिप पलंगाखाली गेला. फर्नचा हात स्वेटरच्या बाहीतच राहिला आणि तिचा खालचा ओठ, तो बाहेर आला. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

ऑड्रानं खुर्ची स्वतःच सरळ केली, इतक्या जोरात की पाय करकरला. मग ती पलंगाच्या कडेवर बसली. मुलांवर ओरडू नका, खाली बसा, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर या, हे ती आठवड्यातून कितीदा लोकांना शिकवायची! स्वतःच्या लेकीच्या पातळीवर मात्र ती उतरली नाही, पलंगावरच बसून राहिली. तिनं फर्नला जवळ ओढलं आणि केसांत नाक खुपसलं. पॅनकेकच्या पाकाचा वास. “सॉरी, सोन्या.”

५

पिपला मोकळं करणं भाग होतं. चार वाजायच्या सुमारास ती दोघांना घेऊन खाली उतरली आणि फर्नला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं, म्हणजे मध्ये ती स्वतः येईल.

शनिवारची गर्दी आली होती. लोक मशीनमागे उभे राहून कुणी उठतंय का वाट बघत होते. एक नवरी आपल्या पांढऱ्या झग्याचा घोळ गोळा करून मांडीवर घेऊन खेळत होती. नोरीन जागेवर नव्हती, तिची खुर्ची कलती होती. शेजारची तीही कलतीच होती, अंगावर काही नसलेली. तिच्यामागेही एक म्हातारा उभा होता, टोपी हातात घेऊन.

ऑड्राला बरं वाटलं. घे, बाबा, बस, ती मनात म्हणाली. एकदाचा बस तिथे.

म्हाताऱ्यानं खुर्चीच्या पाठीला हात घातला. आणि हात काढून घेतला, चटका बसल्यासारखा नव्हे, तर आपण चुकून कुणाच्या खांद्यावर हात ठेवला म्हणजे घेतो तसा, अदबीनं.

“सॉरी, बाळ,” तो खुर्चीला म्हणाला. आणि टोपी डोक्यावर ठेवून निघून गेला.

ऑड्रा फरशीवर खिळली. खुर्ची रिकामी होती. लाल कातडं, पितळी खिळे. मशीनला कपाळ टेकून रुसलेल्या मुलासारखी उभी.

नजर कमी असेल त्याला, तिनं विचार केला. ह्या दिव्यांत कुणाचीही कमी होईल. पण पिपची नजर? तो पुन्हा आडवा पडला होता आणि शेपूट फरशीवर फिरत होती. आणि तिच्या पलीकडच्या बाजूला फर्ननं एक हात वर करून, बोटं दुमडत, कुणालातरी लाजत टाटा केला.

त्या क्षणी भीती गेली आणि राग आला. तिचं असंच व्हायचं; भीती तिच्याकडे यायची ती रागाचे कपडे घालून. बास. ही बाई, हिचं हॉटेल, हिची खुर्ची, आणि तो काकडी चघळणारा! सामान बांधायचं आणि घरी. क्लेटनला यायचं तर यावं आईबरोबर बसनं.

६

वर जाऊन तिनं बॅगेत कपडे कोंबले. फर्नला स्वेटर घातला. घातला म्हणजे बाह्यांत हात कोंबले, बटणं लावायला तिला धीर नव्हता आणि फर्नला लावता येत नव्हती. क्लेटनला फोन लावला तर तो उचलेना. नोरीनच्या फोनवर तिनं निरोप ठेवला, त्यात एक शिवी होती.

लिफ्टचं दार उघडलं, घंटांचा किणकिणाट अंगावर आला. एका खांद्यावर बॅग, एका हातात पट्टा, एका हातात फर्नचा हात. हात ऊबदार होता, थोडा चिकट. फरशी. चालत राहायचं. ठीक आहे, निदान आज हा नियम तिला मान्य होता. खुर्ची जवळ आली, तिनं तिकडे पाहिलं नाही.

पट्ट्याला हिसका बसला. पिपनं मान मागे घेतली, पट्ट्याचं कडं कानांवरून सरकलं, आणि फर्नखेरीज जन्मात कुणाकडे न गेलेला तो कुत्रा गालिच्यावरून सरपटत त्या खुर्चीखाली गेला.

“पिप!”

“मॅडम, मुलीला घेऊन थांबू नका.”

“माझा कुत्रा...”

“मुलीला घेऊन गालिच्यावर जाता येणार नाही, मॅडम.”

“मग तू आण की त्याला! बघत काय उभा राहिलायस! दिवसभर चालत राहा, चालत राहा, पोपट आहेस का?”

“मला जागा सोडता येत नाही, मॅडम.”

तिनं फर्नचा हात सोडला. खांदे धरून तिला फरशीच्या मधोमध उभं केलं. “इथेच उभी राहा. हलायचं नाही. एक बोटसुद्धा हलवायचं नाही, कळलं?” ती ओरडली, आणि गालिच्यावर उतरली.

पिप खुर्चीच्या मागच्या पायांत पडला होता, वर बघत. तिनं वाकून त्याला मानगुटीला धरून उचललं. तो कण्हला. आणि मग, कुत्रा हातात आला होता, निघायला हवं होतं, तरी तिच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आली. कालपासून कपाळ टेकून उभी असलेली. कुणी सरळ करणार नाही म्हणे! ऑड्रानं दात ओठ खात तिच्या पाठीला हात घातला आणि सगळ्या रागानिशी मागे खेचली.

खुर्ची जड होती. खुर्ची असते त्याहून जड. ती धपकन चारी पायांवर आली, आणि तिची बैठक फिरती होती, ती सावकाश फिरू लागली, मशीनकडून तिच्याकडे.

आधी बूट दिसला. जमिनीला न पोचणारा, लोंबकळता. मग गुडघा, त्यावरची ओरखड्याची खपली. मग बिनबाह्यांच्या झग्यातला एक उघडा खांदा, थंडीनं काटा आलेला.

“मॅडम,” रखवालदार म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. “मुलीला खुर्चीवरून उठवा! लहान मुलांना बसवायला मनाई आहे इथे!”

ऑड्रानं गर्रकन मागे पाहिलं.

फर्न फरशीवर उभी होती. मधोमध, सांगितलं तिथेच. पिवळा स्वेटर, हात दोन्ही बाजूंना. एक बोटही हललेलं नव्हतं.

“माझी मुलगी ती आहे!” ऑड्रा किंचाळली. “ती! तिकडे! डोळे फुटले का तुमचे?”

तिच्या पाठीमागे, कोपराच्या उंचीवरून, कुणीतरी श्वास आत घेतला. रडायच्या आधी घेतात तसा. पिप तिच्या हातात पिळवटून, नखं ओरबाडत त्या बाजूला जायला बघत होता. नीट पाहायला हवं होतं. एकदा वळून, सावकाश, खाली बसून. पण रखवालदार त्याची जागा सोडून येत होता, लोक उठून उभे राहत होते, आणि राग ऑड्राला मागून ढकलत होता, चल, चल, चालत राहा. तिनं फरशीवर उडी घेतली, फर्नचा हात धरला आणि धावत सुटली.

ती वळली नाही. घंटांचा आवाज इतका होता की मागून कुणी हाक मारली असती, तरी ऐकू आली नसती. हे ती दारापर्यंत स्वतःला सांगत राहिली.

७

गाडी शहराबाहेर पडली तशी दुतर्फा वाळवंट सुरू झालं. उन्हं कलली होती. नोरीनचा फोन दोनदा वाजला, मग क्लेटनचा. तिनं फोन उताणा होता तो पालथा केला.

पिपला तिनं नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर फर्नच्या शेजारी ठेवलं होतं. गाडी सुरू होताच तो दोन सीटांमधल्या फटीतून पुढे आला आणि तिच्या शेजारी, सीटच्या खाली, अगदी आत जाऊन बसला. थोड्या वेळानं वास आला. तो तिथेच मुतला होता. ती हसायला गेली आणि तिच्या घशातून भलताच आवाज आला.

थकलीस तू, तिनं स्वतःला समजावलं. रात्रीची झोप नाही, पोटात अन्न नाही. आरसे आहेत तिथे. जिथे तिथे आरसे. खांबांना, मशीनना, छताला. गरागरा फिरणारी खुर्ची, समोर आरसा, मागे मुलगी. एवढंच. पहिलीतल्या मुलालाही पटेल. आरशातल्या मुलीच्या अंगात स्वेटर का नव्हता, हे उद्या बघू. माणसानं सगळंच आज बघू नये.

तिनं मागच्या आरशात पाहिलं. फर्न आपल्या सीटवर ताठ बसली होती, हात मांडीवर. स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. सगळी, क्रमानं, एकही घर न चुकता.

मी लावली असतील, ऑड्रा मनाशी म्हणाली. घाईत लावली असतील, लक्षात नाही.

रागाचा आता मागमूस उरला नव्हता. तो असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. त्याच्या जागी जे आलं होतं त्याला हात लावायची तिची छाती नव्हती. तिनं ठरवलं, आता ओरडायचं नाही. आज नाही, उद्या नाही. लोकांना शिकवतो ते करायचं. मऊ आवाजात बोलायचं, विचारायचं, उत्तराची वाट बघायची.

“सोन्या,” ती म्हणाली, मऊ आवाजात. “भूक लागलीये का? पुढे गाव आलं की थांबू या. तुला काय हवं ते खाऊ.”

गाडीची चाकं घुमत राहिली. सीटखाली पिपचं अंग थडथड उडत होतं, ते तिला पायाला जाणवत होतं.

“दमलीस का? मम्मी रागावलेली नाही हं तुझ्यावर. मुळीच नाही.”

फर्ननं मान वर केली. आरशात तिची नजर ऑड्राच्या नजरेला भेटली, आणि तिथेच थांबली, बराच वेळ, पापणी न लवता. मग ती हसली. गोड हसली, लाजल्यासारखी.

“ती म्हणाली होती, तिची मम्मी सारखी ओरडते,” ती म्हणाली. “तू तर नाही ओरडत.”